पहिला बर्फ पडला आणि तुमचे प्रश्न आले

यावेळी प्रश्न भरपूर आलेत, बरेचसे नॉर्वेत राहणाऱ्या आपल्या लोकांचे आणि काही थेट महाराष्ट्रातून, आणि बहुतेकांत एकच धास्ती दिसते की हे आपल्याला जमणार का, आपण तर बर्फ कधी पायाखाली घेतलेला नाही. मी मूळची सातारची, ओस्लोत येऊन १४ वर्षं झाली, स्की पहिल्यांदा पायात घातली ती वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, आणि मला मनापासून वाटतं की जमतं. जिथे खोलात जायला हवं तिथे गेलेय, जिथे दोन ओळीत भागतं तिथे दोनच ओळी. नावं कुणाची छापत नाही, गाव तेवढं देतेय.

प्रश्न (सान्विका): मुलगी यंदा पहिलीत गेली. शाळेतून मेसेज आलाय की पुढच्या गुरुवारी स्कीचा दिवस आहे, स्की, डबा आणि गरम पेय घेऊन पाठवा. घरात कुणालाच स्की येत नाही, दुकानात जाऊन किमती बघून परत आलो. त्या दिवशी तिला घरीच ठेवावं का?

नाही हो ताई, घरी अजिबात ठेवू नका. तो दिवस म्हणजे परीक्षा नसते, अर्धा वेळ पोरं बर्फात लोळतात, शेकोटीभोवती बसून डबा खातात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच गप्पा चालतात, त्यात आपली पोर नसली की तिला ते लागतं. माझ्या मुलाच्या वेळी मी हीच चूक केली होती, सर्दीचं कारण देऊन घरी ठेवलं, आणि तो दिवसभर खिडकीत बसून होता, ते मला अजून आठवतं.

विकत घ्यायची गरजच नाही. तुमच्या कम्युनेत म्हणजे नगरपालिकेत 'बुआ' आहे का बघा, तिथे मुलांचं खेळाचं सामान फुकट वापरायला देतात, स्की, बूट, काठ्या, हेल्मेट सगळं, फक्त नाव नोंदवायचं आणि वेळेत परत करायचं. थंडी सुरू झाली की तिथे झुंबड उडते म्हणून आजच जा. नाही मिळालं तर शाळा किंवा स्पोर्ट्स क्लब शरद ऋतूत अदलाबदलीचा दिवस ठेवतात तो चुकवू नका, आणि फिन या जुन्या वस्तूंच्या साइटवर जुने सेट ढिगाने असतात कारण मुलं दर वर्षी वाढतात आणि कालची स्की आज लहान होते.

आता एक गोष्ट मी कळकळीने सांगते. आपल्याकडे वाढत्या अंगाचं घ्यायची सवय आहे, फ्रॉक दोन इंच मोठा, बूट एक नंबर मोठा, पुढच्या वर्षीही होईल म्हणून. स्कीच्या बाबतीत हे करू नका. लांब स्की तिला वळवता येणार नाही, आणि तिच्या वजनाला ती दबणारच नाही त्यामुळे चढावर मागे घसरत राहील आणि तिला वाटेल की आपल्यालाच येत नाही. शिकणाऱ्या मुलीला तिच्या उंचीइतकी किंवा फार तर दहा सेंटिमीटर जास्त पुरे. बूट मात्र जाड मोजा घालून अंगठ्याला हलायला जागा राहील असा हवा, घट्ट बुटात पाय गारठतो. आणि बूट बाइंडिंगमध्ये, म्हणजे स्कीवरच्या बूट धरणाऱ्या खटक्यात, तिथल्या तिथे अडकवून बघा, टक असा आवाज आला पाहिजे. एका दुकानातून मला एकदा बूट एका जातीचे आणि बाइंडिंग दुसऱ्या जातीचं मिळालं होतं, ते कळलं डोंगरावर गेल्यावर.

कपड्यांचं सोपं आहे, अंगाला लागून लोकर. सुती बनियन आणि सुती लेगिंग्ज नकोत, घाम आला की सुती कपडा ओला होऊन अंगाला चिकटतो आणि मुलगी थांबली की पाच मिनिटांत कुडकुडायला लागते. वर वाऱ्याला अडवणारं जॅकेट, दोन जोड हातमोजे कारण एक जोड ओला होणारच. डब्यात जे ती घरी आवडीने खाते ते द्या, तूप-गूळ पोळीची गुंडाळी थंडीत ब्रेडपेक्षा बरी लागते आणि हातमोजा काढून एका हाताने खाता येते. आणि गुरुवारच्या आधी दोन संध्याकाळी तिला घराजवळच्या, दिवे लावलेल्या स्कीच्या ट्रॅकवर न्या, काठ्या न देता. काठ्या नसल्या की मुलं तोल पायांवर सांभाळायला शिकतात. पडून उठायला मात्र आधी शिकवा, पाठीवर झोप, पाय वर घे, दोन्ही स्की एकमेकींच्या शेजारी आण, कुशीवर वळ, गुडघ्यावर ये, ऊठ. हे दहादा खेळासारखं करून घ्या.

प्रश्न (ओस्लो): वय ४६. ऑफिसच्या लोकांबरोबर सोग्न्सवानला गेलो, तासाभरात सहा वेळा पडलो, चार-पाच वर्षांची पोरं बाजूने निघून जात होती. घरी आल्यावर स्की बाल्कनीत टाकली ती तिथेच आहे. वय गेलं का शिकायचं?

वय गेलेलं नाही. ती पोरं चालायला लागल्यापासून स्कीवर आहेत, इथे म्हणतातच की नॉर्वेजियन माणूस पायात स्की घालूनच जन्माला येतो, त्यांच्याशी स्वतःची तुलना करणं म्हणजे विहिरीत पोहत वाढलेल्या पोराशी पहिल्यांदा पाण्यात उतरलेल्याने तुलना करणं. तुम्ही सहा वेळा पडलात म्हणजे सहा वेळा उठलात, पहिल्या तासाला तेवढंच होतं.

मला वाटतं तुमचं चुकलं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे ऑफिसच्या लोकांबरोबर गेलात, ते त्यांच्या वेगाने निघतात आणि आपण त्यांना गाठायच्या नादात अंग ताठ करून पळतो. दुसरं, तुम्ही बहुतेक शरीराचं वजन दोन्ही पायांवर सारखं ठेवून पाय ओढत चालत होतात, सगळे नवे लोक तसंच करतात. क्लासिक स्कीची सगळी गंमत एका पायावर उभं राहण्यात आहे. स्कीला मधे कमान असते, पायाखाली ती जमिनीपासून किंचित उचललेली असते. सगळं वजन एका पायावर टाकून खाली दाबलं की कमान सपाट होते, मधला पट्टा बर्फाला धरतो आणि ढकलायला जोर मिळतो, आणि त्याच क्षणी दुसऱ्या पायावर वजन गेलं की ती स्की सरकते. धर, सरक, धर, सरक. वजन अर्धंअर्धं ठेवलं तर ना धड धरतं ना धड सरकतं, आणि माणूस पडतो. लेझीम खेळला असाल तर एका पायावर झोक देऊन पुढे जायची ती लय आठवा, हात-पाय मात्र चालताना जातात तसेच उलटसुलट, उजवा पाय तर डावा हात.

घरी आधी जमिनीवर करा, एका पायावर तीस सेकंद उभं राहायचं, गुडघा मऊ, नाक-गुडघा-अंगठा एका रेषेत. मग सपाट मैदान गाठा, काठ्या बाजूला ठेवा आणि नुसतं सरकत राहा. चढ आला की स्कीची टोकं फाकवून टाचा जवळ, आतल्या कडेवर जोर, बर्फात माशाच्या काट्यासारखी नक्षी उमटते म्हणून नॉर्वेजियन लोक त्याला मासळीचा काटाच म्हणतात. उतार आला की उलटं, टोकं जवळ आणि टाचा लांब, आपला मराठी ८ काढल्यासारखं, इथे त्याला नांगर म्हणतात. गुडघे वाकवून आत दाबले की वेग मरतो. उतारावर भीती वाटली तर स्की काढून हातात घ्या आणि ट्रॅकच्या कडेने चालत उतरा, इथे कुणी हसत नाही, मी दोन सीझन असंच केलं.

आणि एक कोर्स करा. स्कीफोरेनिंगेन ही ओस्लोची स्की संघटना १८८३ पासून आहे, शहराभोवतीच्या मार्कात म्हणजे जंगलात ट्रॅक मारायचं, म्हणजे बर्फात स्कीसाठी खाचा पाडायचं, बरंचसं काम ती करते आणि मोठ्यांचे कोर्सही घेते, मोठ्यांच्या वर्गात सगळे पडत असतात त्यामुळे मन मोकळं राहतं. बाल्कनीतली स्की आत आणा, पुसा, रविवारी सकाळी लवकर एकटे जा.

प्रश्न (ड्रामेन): निळं, जांभळं, लाल, हिरवं, वर ते ट्यूबमधलं चिकट. वॅक्सचा गोंधळ सुटत नाही. आणि फ्लोर (फ्लोरीन असलेल्या) वॅक्सवर बंदी आली म्हणतात ती आपल्यालाही लागू का?

वॅक्स दोन कामांचं असतं हे एकदा डोक्यात बसलं की गोंधळ निम्मा संपतो. टोकाला आणि शेपटीला लागतं ते सरकायचं, पायाखाली मधे लागतं ते धरायचं. डबीतले रंग हे धरायच्या वॅक्सचे. रंग म्हणजे तापमान, हिरवं कडाक्याच्या थंडीत, निळं साधारण शून्याखाली दोन ते दहापर्यंत, जांभळं शून्याच्या आसपास, लाल बर्फ ओलसर झाला की. डबीवर आकडे लिहिलेले असतात, ते त्या दिवशीच्या तापमानाशी जुळवायचे. थंडी जितकी जास्त तितके बर्फाचे कण टोकदार आणि कडक, ते कडक वॅक्समध्येच जेमतेम रुततात. मऊ वॅक्स लावलं तर कण खोल रुतून बसतात आणि स्कीखाली बर्फाचे गोळे चिकटतात, चपलेला चिखल लागावा तसे.

लावायचं टाचेपासून बाइंडिंगच्या पुढे वीतभर, पातळ थर, बुचाने घासायचा, पुन्हा पातळ थर, असे तीन-चार. एकदम जाड थापू नका. ट्यूबमधलं चिकट म्हणजे क्लिस्टर, ते बर्फ वितळून पुन्हा गोठून काचेसारखा झाला असेल त्या दिवसासाठी, आणि त्याने हात, जॅकेट, गाडीची सीट सगळं बरबटतं, पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका.

खरं सांगू का, आठवड्यातून एकदा जाणाऱ्या माणसाने पायाखाली मोहेरची म्हणजे बकरीच्या केसांची पट्टी लावलेली स्की घ्यावी, ती पट्टी एका दिशेला सरकते आणि दुसऱ्या दिशेला धरते, मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवल्यासारखं. धरायचं वॅक्स लागतच नाही. थोडी हळू जाते पण डिसेंबरात ओस्लोत तापमान सकाळी उणे चार आणि दुपारी अधिक एक असतं, तेव्हा वॅक्सवाले थांबून थांबून खरवडत बसतात आणि आपण पुढे गेलेलो असतो.

फ्लोरबद्दल, आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या सीझनपासून स्पर्धांमध्ये त्यावर पूर्ण बंदी घातली. तुम्ही स्पर्धेत नसाल तरी जुनी फ्लोरची डबी असेल तर वापरू नका, ती रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं टिकतात, बर्फ वितळला की मातीत आणि पाण्यात जातात, आणि ज्या जंगलात आपण जातो तिथलंच पाणी खाली शहरात पितो. कचऱ्यात न टाकता घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन द्या.

प्रश्न (पुणे, कोथरूड): आम्ही दोघं, ६७ आणि ६३, फेब्रुवारीत मुलाकडे ओस्लोला येतोय. स्की जमणार नाही, गुडघे साथ देत नाहीत. पण नुसतं घरात बसून खिडकीतून बर्फ बघायचा नाहीये. काय करता येईल?

काका-काकू, फेब्रुवारी अगदी छान निवडलात, डिसेंबरसारखा अंधार नसतो, ऊन वर यायला लागतं आणि बर्फ असायची शक्यताही चांगली असते.

मेट्रोची १ नंबरची लाइन पकडा आणि शेवटच्या स्टेशनापर्यंत, फ्रोग्नेरसेतेरेनपर्यंत जा. त्या डब्यात बसणं हाच एक अनुभव आहे, हातात स्की घेतलेली ऐंशी वर्षांची आजी, पोरं, कुत्री, ऑफिस संपवून निघालेली माणसं, लोकलमधल्या गर्दीसारखी गर्दी पण सगळे डोंगराकडे निघालेले. वर लाकडी रेस्टॉरंट आहे, तिथला सफरचंदाचा केक प्रसिद्ध आहे, खिडकीतून सगळं ओस्लो आणि फ्योर्ड म्हणजे समुद्राची खाडी दिसते. येताना होलमेनकोलेनला उतरा. तिथे १८९२ पासून स्की जंपिंगच्या स्पर्धा होतात, आत्ताचा पोलादी मनोरा २०१० सालचा आहे, लिफ्टने वर जाता येतं, आणि खाली १९२३ साली उघडलेलं स्की म्युझियम आहे, जगातलं सगळ्यात जुनं. मनोऱ्याच्या टोकावरून खाली बघितलं की उडी मारणाऱ्या पोरांच्या छातीचा अंदाज येतो.

त्याच फ्रोग्नेरसेतेरेनवरून कोर्केट्रेक्केरेन नावाचा घसरगाडीचा रस्ता सुटतो, दोन किलोमीटर, २५५ मीटर खाली, मुलगा-सून-नातवंडं जातील, तुम्ही मात्र जाऊ नका, वळणावर लोक एकमेकांवर आदळतात आणि तुमचे गुडघे नाजूक आहेत.

तुमच्यासाठी माझी खरी शिफारस म्हणजे स्पार्क. लांब दोन पोलादी पात्यांवर बसवलेली खुर्ची, मागे धरायला दांडा. एक जण खुर्चीत बसतो, दुसरा एका पायाने मागे रेटत जातो. गावाकडे आजीआजोबा अजूनही यावर किराणा आणायला जातात, चालण्यापेक्षा सुरक्षित कारण धरायला आधार असतो. सपाट, टणक बर्फाच्या रस्त्यावर काकांनी काकूंना बसवून न्या, मग उलट. बुटाखाली लावायच्या खिळ्यांच्या पट्ट्या मुलाला आधीच आणून ठेवायला सांगा, ओस्लोच्या फुटपाथवर फेब्रुवारीत निसरडं फार असतं आणि नवखे पाहुणे पडतात ते डोंगरावर नाही तर बिल्डिंगच्या दारात.

प्रश्न (लोरेनस्कोग): ट्रॅकवरून बुटाने चालत गेलो तर एक बाई रागावल्या. रस्ता काय त्यांचा आहे का?

रस्ता सगळ्यांचा आहे, १९५७ च्या कायद्याने इथे मोकळ्या निसर्गात फिरायचा हक्क प्रत्येकाला आहे, पण ट्रॅकमधल्या त्या दोन खाचा पहाटे मशीनने मारलेल्या असतात आणि बुटाच्या एका ठशाने मागून उतारावरून येणारा माणूस तोंडावर आपटू शकतो. शेतातल्या ताज्या वाफ्यातून चालत गेल्यावर आपणही ओरडलो असतोच. कडेने चाला, किंवा चालायच्या वेगळ्या वाटा असतात त्या घ्या.

प्रश्न (आस्केर): तुम्ही दर वेळी सपाटीच्या स्कीबद्दलच लिहिता. डोंगरावरून सुसाट खाली येणाऱ्या अल्पाइन स्कीबद्दल का नाही?

मान्य आहे, माझा ओढा सपाटीकडेच आहे. अल्पाइनला लिफ्टचा पास लागतो, चौघांच्या घराचा एक दिवसाचा खर्च मोठा होतो, आणि जंगलातला ट्रॅक फुकट आहे, त्यामुळे नवीन आलेल्या कुटुंबाला मी आधी फुकटाचं सांगते. पण जरूर जा, हाफयेल, ट्रिसिल, हेम्सेदाल सगळीकडे नवशिक्यांचे वेगळे उतार आहेत. हिरवा सगळ्यात सोपा, मग निळा, लाल आणि काळा. हेल्मेट घालाच. आणि एक नियम पाठ करा, जो खाली आहे त्याचा हक्क पहिला, मागून येणाऱ्याने त्याला चुकवायचं, कारण त्याला मागे डोळे नाहीत. पहिल्या दिवशी काळ्या उतारावर नेणाऱ्या मित्राबरोबर जाऊ नका.

प्रश्न (बर्गन): ईस्टरला मित्रांनी हार्दांगरविद्दाच्या पठारावर त्यांच्या केबिनवर बोलावलंय, तिथून एक दिवस स्कीने दुसऱ्या केबिनपर्यंत जायचा बेत आहे, २० किलोमीटर. आम्ही नवरा-बायको दोघं दोन वर्षं स्की करतोय, पण जंगलातल्या ट्रॅकवरच. जमेल का?

केबिनवर जा, नक्की जा. ईस्टरची केबिन म्हणजे इथला मोठा सण, भिंतीला पाठ लावून उन्हात बसायचं, संत्री सोलायची, क्विक लुन्श नावाचं चॉकलेट मोडून वाटून खायचं. दुसऱ्या केबिनपर्यंतच्या २० किलोमीटरबद्दल मात्र मला जपून लिहायचंय.

जंगलात झाडं असतात, वारा अडतो, दर किलोमीटरला पाटी असते. पठारावर झाडच नाही. ऊन असताना तिथल्यासारखी जागा जगात नाही असं वाटतं, आणि तासाभरात वारा उठला की उडत्या बर्फात स्वतःच्या स्कीचं टोक दिसेनासं होतं, आकाश कुठे संपलं आणि जमीन कुठे सुरू झाली कळत नाही. १९६७ च्या ईस्टरला नॉर्वेच्या डोंगरांत १८ माणसं गेली. त्यानंतर डोंगरातल्या शहाणपणाचे नियम घराघरात पोचवले गेले, आज ते नऊ आहेत, आणि त्या क्विक लुन्शच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूलाही ते छापलेले असायचे, म्हणजे चॉकलेट खाताना पोरं वाचणारच. त्यातला आठवा नियम इथे प्रत्येकाला पाठ असतो: वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही.

तीन वर्षांपूर्वी रोन्दानेत आम्ही चौघं निघालो होतो, सोबत एक नॉर्वेजियन मैत्रीण, लहानपणापासून डोंगरात वाढलेली. चार किलोमीटर गेलो, वारा वाढला, पुढची फांदी दिसायची बंद झाली. हिवाळ्यात वाट दाखवायला बर्फात फांद्या रोवतात, आणि एका फांदीपाशी उभं राहून पुढची दिसली पाहिजे असा हिशोब असतो. ती थांबली, मागे बघितलं, आणि फक्त म्हणाली, चला परत. कुणी वाद घातला नाही. मला मनात वाटत होतं की एवढ्या लांबून आलोय, अजून थोडं जाऊ, आणि तेच वाटणं धोक्याचं असतं हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. संध्याकाळी आमच्या केबिनच्या खिडक्या वाऱ्याने थरथरत होत्या.

तर तुम्ही असं करा. जाण्याआधी दोन-तीन रविवार जंगलात १८-२० किलोमीटर पाठीवर सॅक घेऊन करा, ते आरामात झालं तरच पठाराचा विचार. सोबत असा कुणीतरी हवा ज्याने ती वाट हिवाळ्यात केलेली आहे, आणि जो मागे फिरायला तयार आहे. सॅकमध्ये वाऱ्यात अंगावर ओढायची पिशवी, फावडं, नकाशा आणि होकायंत्र, जास्तीचा लोकरीचा थर, गरम पाणी, आणि लागेल त्याच्या दुप्पट खाणं. शेंगदाण्याची चिक्की थंडीत दगड होते, राजगिऱ्याचा लाडू किंवा खजूर बरा. निघताना कुठे जातोय आणि कधीपर्यंत पोचतोय हे कुणाला तरी सांगून ठेवा. हवामानाबरोबर वारसोम या सरकारी साइटवर हिमस्खलनाचा इशारा बघा, तो १ ते ५ असतो, आणि ३० अंशांपेक्षा जास्त उताराच्या खालून किंवा वरून जाऊ नका, आकडा २ असला तरी. त्या दिवशी सकाळी मन साशंक असेल तर मित्रांना स्पष्ट सांगा की आम्ही केबिनपाशीच थांबतो. भीड पडून जाऊ नका.

प्रश्न (नाशिक): मी इंजिनीअरिंगला आहे, हिवाळी ऑलिंपिक रात्री जागून बघतो. एवढासा देश, एवढी मेडल्स कशी? आणि मला भारतात स्की शिकायची असेल तर?

तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. लोकसंख्या पंचावन्न-छप्पन लाख, मुंबईच्या निम्मीही नाही, आणि २०१८ ला प्योंगचांगमध्ये ३९ मेडल्स, २०२२ ला बीजिंगमध्ये १६ सुवर्ण. २०२५ ला ट्रॉन्डहाइमच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये योहानेस क्लेबो सहा शर्यती धावला आणि सहाही जिंकला. मारित ब्योर्गेनची १५ ऑलिंपिक मेडल्स आहेत, त्यातली शेवटची पाच तिने आई झाल्यावर, वयाच्या ३७ व्या वर्षी मिळवली.

बर्फ आहे म्हणून, हे उत्तर अपुरं आहे, बर्फ अजून बऱ्याच देशांत पडतो. माझ्या मते मोठं कारण म्हणजे मुलांच्या खेळाचे नियम. इथे ११ वर्षांच्या आधी मुलांच्या स्पर्धेत क्रमवारीची यादी लावत नाहीत, बक्षीस द्यायचं तर सगळ्यांना. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना शर्यतीत शेवटून दुसरा आला आणि त्याला ते कळलंही नाही, त्याला लक्षात राहिलं ते शेवटी मिळालेलं ब्लॅककरंट नावाच्या बेरींचं गरम सरबत. त्यामुळे पोरं लवकर सोडून जात नाहीत, आणि जो पोरगा पंधराव्या वर्षी अचानक उंच होऊन चमकतो तो तोपर्यंत खेळात टिकलेला असतो. शिवाय क्लब चालवतात ते आईबाप, पगार नाही, मीसुद्धा दर जानेवारीत ट्रॅकच्या कडेला उभी राहून सरबत वाटते.

आणि गोष्टी फार जुन्या आहेत. १२०६ साली यादवी चालू असताना बिर्केबाइनर म्हणवणाऱ्या दोन योद्ध्यांनी दोन वर्षांच्याही आतल्या राजपुत्राला, हाकोनला, स्कीवरून डोंगरापलीकडे नेऊन वाचवलं, तो पुढे राजा झाला. त्याची आठवण म्हणून १९३२ पासून रेना ते लिलेहामर ५४ किलोमीटरची शर्यत होते आणि पाठीवर साडेतीन किलोचं ओझं घ्यायची परंपरा आहे, त्या बाळाच्या नावाने. मला त्या साडेतीन किलोंचं फार अप्रूप वाटतं, शिवबाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला ते लगेच कळतं. मग १९ व्या शतकात तेलेमार्कच्या मोरगेदाल गावात सोन्द्रे नोरहाइम नावाचा गरीब कुळाचा माणूस झाला, त्याने टाच धरून ठेवणारं, पिळलेल्या फांद्यांचं बाइंडिंग वापरलं, त्यामुळे उडी मारताना आणि वळताना स्की पायातून सुटेना. स्लालोम, म्हणजे वळणं घेत उतरायचा प्रकार, हा शब्दही तिकडच्याच बोलीतला. १९५२ च्या ओस्लो ऑलिंपिकची ज्योत ग्रीसमधून आणली नव्हती, ती सोन्द्रेच्या घरातल्या चुलीवर पेटवली होती.

भारतात शिकायचं तर गुलमर्ग आणि औली. गुलमर्गला केंद्र सरकारची स्की आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, औलीला गढवाल मंडल विकास निगम कोर्स घेतं, राहणं-खाणं-सामान धरून, खासगी रिसॉर्टपेक्षा खूपच परवडतं. दोन्हीकडे मुख्यतः अल्पाइन शिकवतात. बीजिंगला भारताचा एकमेव खेळाडू होता आरिफ खान, तो गुलमर्गच्याच बाजूचा, आणि २०१८ ला जगदीश सिंगने क्रॉस कंट्रीची, म्हणजे सपाटीच्या स्कीची, १५ किलोमीटरची शर्यत केली होती. तोवर नाशिकला रोलर स्केट्स घाल, एका पायावर सरकायची सवय लागू दे.

प्रश्न (ओस्लो): बर्फ दर वर्षी कमी होतोय असं सगळे म्हणतात. मग स्कीवर पैसे घालावेत का?

शहरात खाली खरंच कमी झालाय, मी आले तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या मागे महिनोन्महिने ट्रॅक असायचा, आता काही वर्षी जेमतेम काही आठवडे, आणि त्याचं मला मनापासून दुःख होतं. पण मेट्रोने तीनशे-चारशे मीटर वर गेलं की चित्र वेगळं असतं, स्कीस्पोरे साइटवर कुठला ट्रॅक किती तासांपूर्वी मारलाय ते नकाशावर रंगाने दिसतं, ते बघून निघा. काही ठिकाणी यंत्राने बर्फ करून छोटा फेरा राखतात, आणि लोरेनस्कोगला २०२० पासून मोठा इनडोअर हॉल आहे, तिथे जुलैतही स्की करता येते. सेकंडहँड घ्या, नीट सांभाळा, तेवढे पैसे नक्की वसूल होतात.

प्रश्न (ट्रॉन्डहाइम): मी दहा वर्षांची आहे. माझ्या मैत्रिणी स्कीला शी म्हणतात. मी फोनवर आजीला सांगितलं की आज शाळेत शी होती तर ती हसतच सुटली. हा शब्द असा का आहे?

आजी का हसली ते तुला कळलंच असेल, मीही वाचताना हसले. नॉर्वेजियन भाषेत स आणि क नंतर ई आली की शी असा उच्चार होतो, म्हणून लिहायचं स्की आणि म्हणायचं शी. मूळ शब्द जुन्या नॉर्स भाषेतला, त्याचा अर्थ चिरलेलं लाकूड, फळी. आजीच्या गावी चुलीसाठी लाकडं फोडतात ना, त्या ढलप्यांना जुने लोक इथे जवळजवळ हाच शब्द वापरायचे. तशी एक लांब ढलपी कुणीतरी पायाला बांधली आणि बर्फावरून सरकून बघितलं. ते कधी झालं ते नक्की कुणाला माहीत नाही, पण वर उत्तरेला रोद्योय इथे दगडात एक चित्र कोरलेलं आहे, साधारण चार हजार वर्षांपूर्वीचं, लांबच लांब स्की घातलेला माणूस, डोक्यावर सशाच्या कानांसारखं काहीतरी. १९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकची सगळी छोटी चिन्हं त्याच्यावरूनच काढली होती. त्या चित्राचा फोटो शोधून आजीला पाठव आणि विचार, हा माणूस शी करतोय की स्की.